‘बेने इस्राएल’ : एका समूहनामाची अर्थांतरे

‘बेने इस्राएल’ या नामाची व्याकरणिक घडण साधी आहे. ‘बेने’ हे हिब्रूतील ‘बेन’ म्हणजे पुत्र या शब्दाचे अनेकवचनी संबंधदर्शक रूप. ‘इस्राएलचे पुत्र’ हा त्याचा अभिधार्थ. ‘उत्पत्ती’च्या बत्तिसाव्या अध्यायात रात्रभर झुंजलेल्या याकोबाला ‘इस्राएल’ हे नाव प्राप्त होते. ‘निर्गम’च्या आरंभी ‘बेने इस्राएल’ म्हणजे नावानिशी मोजता येणारे त्याचे मुलगे. नवव्या वचनात मात्र तेच पद एका संपूर्ण लोकसमूहाचे होते, आणि ते उच्चारतो फारो. समूहाचे समूहपण प्रथम परक्याच्या, किंबहुना भयभीत सत्ताधीशाच्या, तोंडून व्यक्त व्हावे हे अर्थपूर्ण आहे. बायबलबाहेरचा इस्राएलचा सर्वांत जुना निश्चित उल्लेखही मर्नेप्ताह या फारोच्या इ.स.पू. 1208 च्या सुमाराच्या शिलालेखातच आढळतो. तेथील निर्देशकचिन्ह भूमीचे नसून लोकांचे आहे.

‘यहुदी’ या शब्दाचा प्रवास निराळा. यहूदा हे आधी पुत्राचे, मग टोळीचे, पुढे दक्षिणेकडील राज्याचे नाव. इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेकडील इस्राएलचे राज्य बुडविल्यावर याच नावाचा विस्तार झाला. ‘एस्तेर’मधील मर्दखय बन्यामीन टोळीचा असूनही ‘यहुदी’ म्हणवला जातो.

कोकणातील समाजाने स्वतःसाठी जपले ते पहिले नाव. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची परंपरागत उत्पत्तिकथा. शेजाऱ्यांनी दिलेले नाव मात्र ‘शनवार तेली’: घाण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती. म्हणजे शब्बाथसारखा धर्मविधी गावाच्या दृष्टीने जातीची खूण ठरला. पेणकर, रोहेकर, केहीमकर या आडनावांनी त्यात गावाचीही भर घातली.

एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने, हे लोक ‘यहुदी’ म्हणवून घेत नाहीत यावरून, ते हरवलेल्या दहा टोळ्यांपैकी असावेत असा तर्क केला. नामावरून वंश काढण्याची ही रीत आकर्षक, पण कच्ची आहे. मुसलमानी सत्तेच्या छायेत ‘बनी इस्राईल’ हे कुराणातील परिचित पद ‘यहूद’पेक्षा कमी वैरभावाचे होते, हे कारण त्याहून जवळचे वाटते. मुंबईतील 1796 च्या सिनॅगॉगचे संस्थापक सामाजी हसाजी दिवेकर यांच्याविषयीची आख्यायिका हेच सुचविते: टिपूच्या कैदेत त्यांनी स्वतःला ‘बेने इस्राएल’ म्हटले आणि कुराणातून हे नाव ऐकून असलेल्या टिपूच्या मातेने त्यांचे प्राण वाचविले. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी या नावात अभय आहे अशी समाजाची धारणा तीतून स्पष्ट होते. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी 1897 मध्ये लिहिलेला समाजाचा इतिहास 1937 साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला, तोही याच नावाच्या मथळ्याखाली.

1948 नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, आणि नामाचा अर्थ उलटला. जेथे धर्मसंहितेनुसार प्रत्येक जण ‘बेने इस्राएल’, तेथे हे व्यापक पद एका लहान गटाचे व्यवच्छेदक नाव झाले. 1962 मध्ये प्रमुख रब्बी इत्सहाक निस्सिम यांच्या सूचनांनुसार या समाजातील व्यक्तीच्या अन्य यहुद्यांशी होणाऱ्या विवाहापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरली. ‘पुत्र’ म्हणविणाऱ्यांकडेच पितृत्वाचा, त्याहूनही मातृत्वाचा, पुरावा मागितला गेला. आंदोलनानंतर ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने ठराव करून ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे घोषित केले. त्यानंतर सूचनांतील समाजाचा नामनिर्देश काढण्यात आला. दिमोना, अश्दोद, लोद येथील शेजारी त्यांना ‘होदिम’, म्हणजे हिंदी, या नावानेही ओळखतात. त्यांच्या दारांवर ‘कर’ने संपणारी गावांची नावे आहेत.