पंचवटीने मुंबई : एका दिवसाची वारसा सहल

मुंबईतील वारसा वास्तू पाहून त्याच दिवशी घरी परतू इच्छिणाऱ्या नाशिककरांना १९७५ मध्ये सुरू झालेली पंचवटी एक्स्प्रेस सोयीची आहे. नाशिकरोड ते मुंबई हे अंतर सुमारे १८८ किलोमीटर. इगतपुरीनंतर गाडी १८६५ मध्ये खुल्या झालेल्या थळ घाटातून (कसारा घाट) उतरते.

अखेरचे स्थानक हेच पहिले प्रेक्षणीय स्थळ होय. वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. तेथून पायी ओव्हल मैदानावर जावे. मैदानाच्या पूर्वेस राजाबाई टॉवर व उच्च न्यायालयासह गॉथिक, तर पश्चिमेस आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. हा समूह २०१८ मध्ये याच यादीत आला. दुपारी जवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे.

घारापुरीचा मोह मात्र टाळावा. लाँचला एका बाजूसच सुमारे तास लागतो. सोमवारी लेणीही बंद असतात. पासधारकांची गर्दी ध्यानात घेऊन दोन्ही वेळचे आरक्षण आधीच करावे. सायंकाळची पंचवटी चुकली, तर पुढील गाडीत जागेची शाश्वती नसते.