फुटलेल्या बश्या आणि अर्धा अंश

ऑगस्ट १८९३ मध्ये फ्रेंच मज्जासंस्थातज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांचे निधन झाले. त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी सिग्मंड फ्रॉइड यांनी लिहिलेल्या मृत्युलेखात एका मोलकरणीची हकिकत येते. तिचे हात विचित्र रीतीने थरथरत, त्यामुळे तिला कुठेच काम मिळेना. शार्को यांनी तिला आपल्या घरी कामावर ठेवले. बश्या आणि ताटल्या फुटत राहिल्या, त्यांपायी बराच खर्चही झाला. पण तिला त्यांनी अखेरपर्यंत काढले नाही. तिच्या मृत्यूनंतर त्यांना सिद्ध करता आले, की त्या थरकापाचे मूळ मेंदू आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी पडलेल्या कठीण चट्ट्यांमध्ये होते. १८६८ मध्ये शार्को यांनी ज्याचे शास्त्रशुद्ध वर्णन केले तो हाच आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा एमएस.

फ्रॉइड ही हकिकत सांगतात ती गुरूची चिकाटी दाखवण्यासाठी. मला मात्र ती वाचताना दर वेळी त्या बाईची नोकरीच दिसते. निदान व्हायच्या आधीच तिच्यावर धांदरटपणाचा शिक्का बसला होता. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण उसवत जाते, आणि त्याची सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते. म्हणजे शिक्षण संपवून माणूस कामाला लागतो, नेमके तेव्हा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यासंदर्भात ब्रूस फ्रेडरिक कमिंग्ज हे नाव लक्षात ठेवावे. स्वतःच्या बळावर प्राणिशास्त्र शिकलेला हा तरुण १९१२ मध्ये लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात रुजू झाला आणि उवांचा अभ्यासक बनला. विषय हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. पण महायुद्धाच्या खंदकांत उवा रोग पसरवत होत्या आणि १९१५ मध्ये संग्रहालयाने त्याची उवांवरची पुस्तिका छापली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो लष्करी भरतीच्या तपासणीला गेला. त्याच्या डॉक्टरांनी सोबत एक बंद लखोटा दिला होता. तो न पाहताच लष्कराने त्याला नाकारले. परतीच्या आगगाडीत त्याने लखोटा फोडला आणि आपल्याला कोणता आजार आहे हे त्याला पहिल्यांदा कळले. डॉक्टरांना माहीत होते, घरच्यांना माहीत होते, पत्नीला तर लग्नाआधीच सांगितले गेले होते. ज्याला कामाचा आणि आयुष्याचा बेत आखायचा होता त्यालाच तेवढे ठाऊक नव्हते. १९१७ मध्ये त्याने राजीनामा दिला, १९१९ मध्ये बार्बेलियन या टोपणनावाने त्याची रोजनिशी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी, तिशीतच, तो वारला.

आता तापमानाकडे वळतो. तो माझ्या विषयाच्या जवळचा भाग आहे आणि नोकरीच्या प्रश्नाशी त्याचा फार निकटचा संबंध आहे. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी नोंदवले, की काही एमएस रुग्णांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती मंदावते. त्यांनी दोष श्रमाला दिला. खरे कारण श्रमाने वाढणारी शरीराची उष्णता आहे, हे पुढे उमगले. मग डॉक्टर निदानासाठी रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवू लागले. लक्षणे उफाळली तर एमएसचा संशय बळावे. १९८१ पासून एमआरआयमध्ये चट्टे दिसू लागले आणि हा क्लेशदायक प्रकार मागे पडला.

असे का होते? निरोगी मज्जातंतूत एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्याला मिळणारा विद्युतप्रवाह गरजेच्या कित्येक पट असतो. मायलिन उसवले की प्रवाह वाटेतच गळतो आणि जेमतेम पुरेल इतका उरतो. तापमान वाढले की सोडियमचे मार्ग अधिक वेगाने उघडतात, पण अधिक वेगाने बंदही होतात. स्पंद आखूड होतो, पुढे पोचणारा विद्युतभार घटतो आणि संदेश तिथेच थांबतो. मायकेल रॅस्मिन्स्की यांनी १९७३ मध्ये एकेका तंतूवर प्रयोग करून दाखवले, की त्यासाठी अर्ध्या अंशाची वाढही पुरते. शरीराचे तापमान तर दिवसभरात एरवीच इतके बदलते. दुपार उतरताना ते सर्वाधिक असते. सकाळी ठणठणीत दिसणारी व्यक्ती चार वाजता अक्षरे नीट वाचू शकत नाही, आणि अंग निवाले की पुन्हा पूर्ववत होते. नवी इजा झालेली नसते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मात्र हे नाटक वाटते.

मोजमापाच्या इतिहासाने या गैरसमजात भरच घातली. जॉन कुर्ट्झके यांची १९८३ ची शून्य ते दहा ही मोजपट्टी आजही जगभर वापरतात. तिच्या मधल्या पायऱ्या मुख्यतः चालण्यावर ठरतात: किती मीटर, काठीने की काठीविना. थकवा आणि उष्णतेने येणारी मंदता तिच्यात फारशी उतरत नाही. अनेकांची नोकरी मात्र नेमकी त्यापायीच जाते.

भारतात हा आजार विरळा, अशी समजूत दीर्घकाळ होती. मुंबईत १९८५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९८८ मध्ये मुंबईच्याच पारशी समाजातील पाहणी प्रसिद्ध झाली आणि त्या समजुतीला तडा गेला. तरीही १९९५ च्या अपंग कायद्याच्या सात प्रकारांत एमएस नव्हता. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत तो प्रथमच नावानिशी आला आणि कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पण सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाचे कलम ३४ काढून वाचा: अंधत्व, बहिरेपणा, अस्थिव्यंग, स्वमग्नता, मानसिक आजार असे गट आहेत, एमएसचे नाव नाही. पाय किंवा डोळे पुरेसे निकामी झाले, तर त्या गटातून जागा मागता येते. उन्हाने मंदावणाऱ्या तंतूंसाठी गट नाही.

कलम २० अधिक उपयोगाचे आहे, आणि माझ्या मते त्याची माहिती फारच कमी लोकांना आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही घटवता येत नाही. गरज पडल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. वाजवी सोयी देणेही त्याच कलमाने बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा सोयींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही. खासगी आस्थापनांनाही कलम २१ नुसार समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते.

जागतिक एमएस दिन दर वर्षी ३० मे रोजी असतो. देशाच्या मोठ्या भागात तो ऐन उन्हाळा. आमच्या प्रयोगशाळांत लेझरसाठी खोलीचे तापमान अर्ध्या अंशात स्थिर ठेवायचे असेल, तर कोणी कारण विचारत नाही. माणसासाठी मागायचे तर अर्ज लागतो. तेव्हा तो नीट लिहावा: सकाळची पाळी, थंड खोलीतले टेबल, दुपारी थोडी विश्रांती, शक्य असेल तिथे घरून काम, अशा ठोस मागण्या कलम २० चा उल्लेख करून मांडाव्यात, आणि उष्णतेने लक्षणे तात्पुरती वाढतात हे वाक्य मज्जासंस्थातज्ज्ञांच्या पत्रात आवर्जून लिहून घ्यावे.