बिदरचे बहमनी रुग्णालय
राजधानी कलबुर्गीस असताना फिरोजशहा बहमनी (१३९७–१४२२) गोवे व चौल बंदरांतून दरसाल गलबते धाडून परदेशचे गुणीजन आणवीत असे, असे फेरिस्ता लिहितो. पुढे राजधानी बिदरास आली. तेथे दुसऱ्या अलाउद्दीनाने (१४३६–१४५८) रुग्णालय बांधून औषध व अन्न यांच्या खर्चास गावे लावून दिली. परक्या गुणीजनांची एवढी ओढ असलेल्या या घराण्याने रुग्णांच्या उशाशी मात्र मुसलमान हकीमांबरोबर हिंदू वैद्यही बसविले, हे आम्हांस मोलाचे वाटते. रोग्याची बोली जाणणारा वैद्य हवाच! दरबारात हा मेळ साधला नाही. परदेशी ‘आफाकी’ व देशी ‘दख्खनी’ यांचे वैर विकोपास जाऊन १४८१ मध्ये इराणी वजीर महमूद गवान मारला गेला. त्याचा मदरसा बिदरात आजही अर्धामुर्धा उभा आहे.