नागा शांतता प्रक्रियेत बॅप्टिस्ट चर्चची भूमिका (१९६४-१९६६)

१ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले. तथापि स्वतंत्र नागा राष्ट्राची मागणी करणाऱ्या नागा नॅशनल कौन्सिलचा सशस्त्र संघर्ष थांबला नाही. भूमिगत नागा आणि शासनाशी सहकार्य करणारे नागा यांपैकी बहुसंख्य बॅप्टिस्ट होते. त्यामुळे दोहोंशी संवाद साधण्याची क्षमता चर्चपाशी होती.

१९६४ च्या प्रारंभी वोखा येथील अधिवेशनात नागालँड बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलने शांतता मंडळाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रातील सर्वोदयी नेते शंकरराव देव यांचेही नाव त्यासाठी पुढे आले होते. प्रत्यक्षात जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा व इंग्रज धर्मोपदेशक मायकेल स्कॉट यांचे मंडळ झाले. चर्चने स्वतः निवाडा न करता उभयपक्षांना मान्य होतील अशा व्यक्तींना पाचारण केले, हे येथे लक्षणीय आहे. ६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी लागू झाली.

डिसेंबर १९६४ मध्ये मंडळाने सुचविले की, नागांनी स्वेच्छेने भारतीय संघराज्यात सहभागी होण्याचा विचार करावा. शासनाचा भर संघराज्यावर, तर नागा नेत्यांचा स्वेच्छेवर राहिला. १९६६ मध्ये जयप्रकाशांनी राजीनामा दिला, स्कॉट यांना देशाबाहेर पाठविण्यात आले आणि मंडळ संपुष्टात आले.

शस्त्रे थांबविण्यास चर्चवरील विश्वास उपयोगी पडला. न्याय्य तोडग्यासाठी आवश्यक असलेली राजकीय सहमती मात्र चर्चच्या हाती नव्हती. तरीही खेड्यांना काही काळ उसंत मिळाली. सबब या प्रयत्नाचे मूल्यमापन केवळ ‘अपयश’ म्हणून करणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते.