घाटातलं धुकं आणि दिव्याची गोष्ट

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवून आपण दिव्याबद्दल बोलू. गाडीच्या दिव्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात आम्ही सहा जणी कोकम, आंबापोळी आणि पापडाची खोकी घेऊन टेंपोतून कोल्हापूरच्या प्रदर्शनाला निघालो. साखरपा मागे पडलं, आंबा घाट सुरू झाला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. चालक पोरगेला होता. दिसेना म्हणून त्याने अप्पर लावला, तर उलट काहीच दिसेना. शेवटी पुढे बसलेल्या काकू म्हणाल्या, "अरे बाबा, दिवा खाली घे, नाहीतर गाडी थांबव." त्याने डिप्पर लावला, बंपरखालचे पिवळे दिवे लावले, तेव्हा कुठे कडेची पांढरी रेघ दिसली. दहा हातांवर एक ट्रक बंद पडून उभा होता.

घरी आल्यावर आम्ही ठरवलं, या दिव्याची गोष्ट नीट समजून घ्यायची.

आपल्या घाटातलं धुकं म्हणजे खरं तर ढगच. मोसमी वारे समुद्रावरून वाफ घेऊन येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढताना गार होतात आणि ढग रस्त्यावरच उतरतो. आंबा, कुंभार्ली, कशेडी, सगळीकडे तीच तऱ्हा.

आपल्या आजेसासऱ्यांच्या काळी या घाटांतून बैलगाड्या जात. गाडीखाली कंदील टांगलेला असे. त्या उजेडात लांबचं दिसत नसे, पण चाकाजवळची वाट दिसे, आणि समोरच्याला कळे की गाडी येतेय. वेग बैलाचा, त्यामुळे तेवढा उजेड पुरे होई. मग मोटारी आल्या. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत, नंतर विजेचे आले. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली, आणि पुढे लाल गाडी आपल्याही घाटांत आली. दिवे मोठे झाले, तसा वेगही वाढला. धुकं मात्र तेच राहिलं.

धुक्यात मोठा दिवा का चालत नाही? धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा झोत सरळ आणि उंच जातो, थेंबांवर आपटतो आणि आपल्याच डोळ्यांवर परत येतो. म्हणून धुक्याचा दिवा बंपरजवळ खाली बसवतात. त्याचा उजेड रुंद आणि चपटा असतो, वर न जाता रस्त्यावर पसरतो. म्हणजे आपल्या कंदिलाचीच युक्ती! पुष्कळांना वाटतं, सगळी करामत पिवळ्या रंगाची आहे. फ्रान्समध्ये तर 1930 च्या दशकापासून 1993 पर्यंत गाड्यांचे पुढचे दिवे पिवळेच असावेत असा कायदा होता. पण धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांचा उजेड सारखाच विखुरतात. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो एवढंच; खरं काम दिव्याच्या जागेचं आणि झोताच्या आकाराचं.

काही गाड्यांना मागेही धुक्याचा लाल दिवा असतो. तो मागून येणाऱ्यासाठी. धुकं सरलं की पुढचे-मागचे दोन्ही बंद करायचे, नाहीतर दुसऱ्याचे डोळे दिपतात.

पण दिव्यालाही मर्यादा आहे. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आपण विसरलेलो नाही. महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. आणि इतर वाहनं नदीत गेली. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या रात्री कुणाची तरी वाट पाहिली जात होती. अंधार, कोसळता पाऊस, आणि पुढे रस्ता आहे हा विश्वास. तिथे कोणताही दिवा पुरला असता असं आम्ही म्हणणार नाही. पण एक हिशेब सांगतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून थांबेपर्यंत पन्नासेक मीटर लागतात. धुक्यात दिसतात वीस मीटर. मग दिवा कसलाही असो, वेग कमी केल्याशिवाय तरणोपाय नाही.

2023 च्या गणपतीआधी कशेडीचा एक बोगदा सुरू झाला आणि तिथला घाट टाळता येऊ लागला. आंबा आणि कुंभार्ली मात्र चढावेच लागतात.

म्हणून आमच्या गटाने इतिवृत्तात एक ठराव लिहिलाय. भाड्याची गाडी ठरवताना दरासोबत तीन गोष्टी विचारायच्या: धुक्याचे दिवे चालतात का, मागचे दिवे लागतात का, वायपर चांगला आहे का. घाटात अप्पर लागला तर गप्प बसायचं नाही. अगदीच दिसेनासं झालं तर रस्ता सोडून सुरक्षित जागी गाडी थांबवायला सांगायची, आणि थांबल्यावर चारही इंडिकेटर लावायला. प्रदर्शनाला तासभर उशीर झाला तर झाला.

"बायकांना गाडीतलं काय कळतं?" असं कुणी म्हणालं, तर सांगा, चुलीपासून कंदिलापर्यंत घरातला दिवा आजवर आपणच सांभाळलाय. त्या दिवशी काकू बोलल्या, म्हणून आज आम्ही सहाही जणी तुमच्याशी बोलतोय.