वही कुणासाठी उघडली जाते?

लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही ही अमेरिकेतून आलेली नवी कल्पना आहे, असं समजणाऱ्यांनी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा वाचावा. त्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांसाठी होता. मुलं पळवणं, त्यांचं लिंगच्छेदन करणं किंवा कलम 377 चा गुन्हा, यांचा नुसता संशय आला तरी सरकारी वहीत नाव चढे. गुन्हा सिद्ध व्हायची गरजच नव्हती! जमातींच्या भागात तर जन्म हाच पुरावा. पास न घेता हद्द ओलांडली की शिक्षा. तृतीयपंथीयांचा भाग 1911 च्या कायद्यात गळला. जमातींवरचा कायदा मात्र 31 ऑगस्ट 1952 ला देशभर रद्द झाला.

20 सप्टेंबर 2018 ला केंद्राने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सुरू केली. सुरुवातीलाच 4 लाख 40 हजार नोंदी होत्या. ती फक्त पोलीस यंत्रणेला दिसते. आमच्या चिचगडपासून छत्तीसगडची हद्द जवळ आहे. तिकडे शिक्षा झालेला माणूस इकडे राहायला आला, तर ती शिक्षा इथल्या ठाण्याला कळलीच पाहिजे. पण आपल्याकडे ठाण्यात येऊन नोंद करण्याचं बंधन त्याच्यावर नाही. अमेरिकेच्या 2006 च्या कायद्यात राज्य बदललं की नव्याने नोंद करावी लागते. परदेशातली शिक्षाही धरतात, मात्र तिथला खटला न्याय्य नसेल तर नाही. ही अट आम्हाला महत्त्वाची वाटते. 1871 ची वही ज्यांनी भोगली, त्यांच्या वारसांनी तरी संशयावर चालणारी यादी मागू नये.

पण मित्रांनो, सिद्ध गुन्ह्यांच्याच यादीत कोण येतं? 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी धरलं. 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती मानली आणि दोघांना सोडलं. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. 2008 ला भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवलं, पण अॅट्रॉसिटी नाही आणि लैंगिक अत्याचारही नाही. त्या निकालावर लैंगिक गुन्हेगारांची कितीही अद्ययावत यादी केली, तरी त्या आठांपैकी कुणाचंही नाव तिच्यात चढणार नाही. मग चिचगडचं ठाणं असो की राजनांदगावचं, वही उघडून दिसणार काय?