इन्शुलिनच्या शोधाची बखर व तिचे अस्सल कागद

बखर निराळी आणि अस्सल कागद निराळे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. परंतु हा भेद केवळ राजकारणाच्या व लढायांच्या इतिहासापुरता आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. जेथें प्रत्येक गोष्ट मोजून व तारीख घालून लिहिली जाते त्या प्रयोगशाळेच्या इतिहासांतहि बखर कशी रचली जाते, समकालीन टिपण कसें मागें पडतें, आणि एकाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरीं कसें जातें, याचें उत्तम उदाहरण म्हणजे मधुमेहावरील इन्शुलिनचा शोध होय. सबब विषय वैद्यकाचा असूनहि येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम बखर सांगतों. कॅनडांतील फ्रेडरिक बँटिंग नांवाच्या तरुण शस्त्रवैद्यास एका रात्रीं कल्पना स्फुरली. चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्यास हाताशीं घेऊन त्यानें १९२१ च्या उन्हाळ्यांत टोरोंटो विद्यापीठांत कुत्र्यांवर प्रयोग केले. खात्याचे मुख्य प्रोफेसर मॅक्लाऊड तेव्हां स्कॉटलंडांत सुटी घालवीत होते. दोघांनीं औषध काढलें, आणि १९२३ चें नोबेल पारितोषिक मात्र बँटिंगबरोबर मॅक्लाऊडनें लाटलें. ही कथा मीं स्वतः वर्गांत अनेक वेळां सांगितली आहे, हें कबूल केलें पाहिजे.

रोग जुनाच. मूत्राकडे मुंग्या धावतात हें चरकानें प्रमेहाच्या पूर्वरूपांत नोंदलें आहे. सुश्रुतानें सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असें सांगितलें आहे. यावरून आजचें सारें ज्ञान आमच्या पूर्वजांस होतें असें कांहीं उत्साही मंडळी म्हणतात. निरीक्षण अचूक होतें येवढेंच म्हणावें. रोगाशीं स्वादुपिंडाचा संबंध कळला तो इ. स. १८८९ मध्यें, स्ट्रासबर्ग येथें. फॉन मेरिंग व मिन्कोवस्की यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकतांच त्यास मधुमेह झाला. या प्रसंगाचीहि एक बखर आहेच: मूत्रावर माश्या बसलेल्या नोकरानें पाहिल्या म्हणून शोध लागला, म्हणे! मिन्कोवस्कीच्या स्वतःच्या हकीकतींत माश्या नाहींत. शिकविलेला कुत्रा घरांत वारंवार मूत्रविसर्जन करूं लागला, आणि गुरु नाउनीन यांच्या शिकवणीप्रमाणें त्यानें मूत्रांत साखर तपासली, येवढाच मजकूर आहे.

पुढें लांगरहान्सनें १८६९ त वर्णिलेल्या स्वादुपिंडांतील पेशींच्या बेटांमधून कांहीं अंतःस्राव रक्तांत मिसळत असावा असा तर्क बळावला. बर्लिनच्या झुल्झरनें १९०८ च्या सुमारास रोग्यांवर असा अर्क वापरलाहि; पण त्यापासून होणाऱ्या अपायामुळें तो टिकला नाहीं. न्यूयॉर्क येथें क्लायनरनें १९१९ सालीं अर्कानें कुत्र्यांच्या रक्तांतील साखर उतरते असें दाखविलें. म्हणजे अर्क निघत असे. माणसास सोसेल इतका शुद्ध निघत नसे. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढील सारा वाद त्यावर आहे.

आतां मूळ कागद. ता. ३० व ३१ आक्टोबर १९२० च्या मधल्या रात्रीं बँटिंगनें आपल्या वहींत टिपलेल्या चार ओळी आजहि उपलब्ध आहेत. त्यांत रोगाचें नांवहि चुकीच्या वर्णांनीं लिहिलें आहे. मजकुराचा आशय असा: कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधावी, पाचक रसाच्या पेशी झिजून बेटें उरेपर्यंत त्यास जगवावें, आणि मग त्यांचा अंतःस्राव निराळा काढून मूत्रांतील साखर हटविण्याचा प्रयत्न करावा. पुढें व्याख्यानांतून बँटिंग हेंच टिपण सांगे, तेव्हां त्यांत सहा ते आठ आठवडे थांबण्याची मुदत येते आणि शेवटीं अर्क काढण्याची आज्ञा येते. मूळ वहींत मुदत नाहीं, आणि 'अर्क' हा शब्दहि नाहीं. पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्यास हा पाठभेद क्षुल्लक वाटणार नाहीं. जें पुढें घडलें तें मागच्या टिपणांत शिरलें आहे, आणि तेंहि खुद्द लेखकाच्याच हातून. बुद्ध्या केलें असें मी म्हणत नाहीं; स्मृति अशीच वागते.

दुसरा कागद म्हणजे बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांच्या वह्या. काम १९२१ च्या मे महिन्यांत सुरू झालें, आणि ता. ३० जुलै रोजीं पहिला अर्क ४१० क्रमांकाच्या कुत्र्यास टोंचला. नळी बांधून पेशी झिजविणें हा तर सर्व कल्पनेचा पाया. परंतु ऑगस्ट महिन्यांतच नळी न बांधलेल्या, अखंड ताज्या स्वादुपिंडाचा अर्क दिला असतांहि साखर उतरली अशी नोंद त्याच वह्यांत आहे! आपलें गृहीतक अनावश्यक ठरलें हें दोघांच्याहि लक्षांत आलेलें दिसत नाहीं. केंब्रिजच्या रॉबर्ट्सनें १९२२ च्या डिसेंबरांत त्यांच्या छापील निबंधांवरूनच हे प्रयोग चुकीच्या पायावर उभे आहेत अशी कडक टीका केली होती. ती युक्तिवादानें बिनतोड, पण तोंवर रोगी बरे वाटून घरीं जाऊं लागले होते. टीकेस कोण विचारतो?

तिसरा कागद रुग्णालयांतील नोंदींचा, आणि माझ्या मतें तोच निर्णायक. लेनर्ड थॉम्पसन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा उपासाच्या पथ्यावर अस्थिपंजर होऊन टोरोंटोच्या रुग्णालयांत पडला होता. ता. ११ जानेवारी १९२२ रोजीं त्यास बेस्टनें केलेला अर्क टोंचला. शंभर घनसेंटिमीटर रक्तांतील साखर ४४० मिलिग्रॅमवरून ३२० वर आली, पण प्रकृतींत फरक नाहीं, आणि टोंचल्या जागीं गळूं झालें. हा प्रयोग थांबवावा लागला. म्हणजे येथवरचें फळ झुल्झरच्या फळाहून फारसें निराळें नव्हतें. ता. २३ जानेवारी रोजीं उपचार पुन्हां सुरू झाला तो निराळ्या अर्कानें. या खेपेस एका दिवसांत साखर ५२० वरून १२० वर आली, मूत्रांतील अम्लद्रव्यें गेलीं, मुलगा तरतरीत झाला. तो पुढें १९३५ पर्यंत जगला.

या बारा दिवसांत काय झालें? मॅक्लाऊडनें डिसेंबरांत या कामीं जोडलेल्या जेम्स कॉलिप या रसायनवेत्त्यानें मद्यार्काच्या प्रमाणाचें रहस्य सोडविलें. एका प्रमाणांत इतर प्रथिनें बहुतेक खालीं बसतात व औषधी द्रव्य द्रवांत राहतें. मद्यार्क आणखी वाढवितांच, नव्वद टक्क्यांच्या वर, तेंहि खालीं बसतें व हातीं येतें. बखरींत कॉलिपचें नांव ओझरतें येतें. कागदांत मात्र तो मध्यभागीं उभा आहे. त्याच आठवड्यांत, ता. २५ जानेवारी रोजीं, चौघांमध्यें करार झाला कीं कोणीहि परस्पर एकस्व घेऊं नये. बँटिंग व कॉलिप यांच्यांत हातघाईवर प्रसंग आला होता अशी जी आख्यायिका आहे तिच्या तपशिलांवर माझा भर नाहीं. पण ज्यांच्यांत पूर्ण विश्वास आहे ते असा करार लिहीत नाहींत.

१९२२ च्या सप्टेंबरांत विद्यापीठाच्या नियामकांपैकीं गुडरहॅम या गृहस्थानें वाद मिटावा म्हणून लेखी हकीकती मागविल्या. मॅक्लाऊडनें आपली सविस्तर दिली. तींत प्रयोगांची दिशा, ताळा पाहण्याचा आग्रह व कॉलिपची नेमणूक यांचा तारीखवार हिशेब आहे. तो दप्तरांत पडून राहिला. मॅक्लाऊड १९३५ त व बँटिंग १९४१ त विमान कोसळून वारला. त्यानंतर कथा सांगणारा मुख्य माणूस बेस्ट उरला, आणि तिच्यांत बेस्टचा वांटा वाढत व कॉलिपचा घटत गेला. मॅक्लाऊडची हकीकत छापली गेली १९७८ सालीं, म्हणजे लिहिल्यापासून छप्पन वर्षांनीं. बेस्टहि त्याच वर्षीं वारला. हे सर्व कागद ताडून मायकेल ब्लिस यांनीं १९८२ त ग्रंथ लिहिला, तेव्हां बखरीचा पाया ढासळला. पारितोषिकांतील आपला अर्धा भाग बँटिंगनें बेस्टला दिला, हें बखर आवर्जून सांगते. मॅक्लाऊडनेंहि आपला अर्धा कॉलिपला दिला, हें ती बहुधा सांगत नाहीं.

राहिली एक गोष्ट भाषेची. बुखारेस्ट येथील पावलेस्को यानें १९२१ सालींच स्वादुपिंडाच्या अर्कानें कुत्र्यांच्या रक्तांतील साखर उतरल्याचे निबंध फ्रेंचमध्यें प्रसिद्ध केले होते. माणसास देण्याजोगें शुद्ध औषध त्याच्या हातून झालें नाहीं हें खरें. त्याचीं ज्यूद्वेषाचीं लिखाणें निंद्य होत हेंहि खरें. पण त्यामुळें त्याचे प्रयोग खोटे ठरत नाहींत. बँटिंग व बेस्ट यांनीं फेब्रुवारी १९२२ च्या आपल्या पहिल्या निबंधांत त्याचा उल्लेख केला आहे, तो मात्र अर्थ उलटा करून, जणूं त्याचा अर्क निष्फळ ठरला होता. १९६९ सालीं बेस्टनें एका रुमानियन प्राध्यापकास पत्र लिहून या चुकीबद्दल खेद कळविला आणि आपलें फ्रेंच कच्चें असावें असें कारण दिलें. पावलेस्को १९३१ सालींच वारला होता.